ताईंच्या मापाचं पाणी

पाणी कुठल्या बाजूला जाणार हे पाण्यानं ठरवायच्या आधी आमच्या साडूंना ठाऊक असतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. मी चिखलीच्या शाळेत गणित शिकवतो, मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही, आणि साडूंचा अंदाज मी जितक्या वेळा पट्टी लावून तपासला तितक्या वेळा पट्टीच ओशाळली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंद्रीच्या अलीकडे त्यांचा मळा आहे, त्यात भाजीपाला, अद्रक, मिरची, आणि मळ्यातच घर. त्या मळ्यात कुठल्याही वाफ्याला पाणी द्यायचं तर साडू फक्त मोटार सुरू करून बाजूला उभे राहतात आणि पाणी त्यांनी सांगितलेल्या वाटेनं, शिस्तीतल्या पोरांसारखं, शेवटच्या रोपापर्यंत चालत जातं.

अडचण एवढीच की साडूंना ही विद्या मळ्यापुरती ठेवता येत नाही. माझ्या घराच्या वास्तुशांतीला ते आले तेव्हा त्यांनी आल्या आल्या तांब्याभर पाणी मागितलं. बायकोला वाटलं, पाय धुवायचे असतील. साडूंनी तो तांब्या दिवाणखान्याच्या मधोमध, भटजींच्या समोर, नव्या फरशीवर ओतला. पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं हललं आणि सरळ देवघराखाली शिरलं. साडू मान हलवत म्हणाले, "मास्तर, घर मोठं झ्याक बांधलं तुम्ही. पण पाणी देवाकडे जाऊन राह्यलं. त्याईले काऊन तरास?" ज्यानं घर बांधलं तो गवंडी पंगतीत बसला होता. त्याचा जिलबीकडे गेलेला हात तिथंच राहिला.

गवंडी लोक लेव्हल काढायला जी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती साडूंच्या पिशवीत कायम असते. दुसरे लोक पिशवीत पानाचा डबा ठेवतात तशी. अमडापूरला एका लग्नात त्यांनी ती नळी काढून नवरानवरीच्या खुर्च्यांना लावली. मुलीच्या बापाला घाम फुटला. साडूंनी दोन्ही टोकांचं पाणी नीट न्याहाळलं आणि जाहीर केलं, "नवरदेव दोन सूत खाली हाये. आतापासूनच." मांडवात जो हशा पिकला तो मंगलाष्टकं सुरू झाली तरी थांबेना. साडू मात्र हसत नव्हते. त्यांनी एक पुठ्ठा दुमडून नवरदेवाच्या खुर्चीखाली सारला आणि मगच अक्षता हातात घेतल्या.

आणि इतकं पाण्याचं वेड असलेला हा माणूस पाण्यात कधी उतरला नव्हता. आमच्याकडची पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. साडूंच्या वेळची सगळी पोरं तशीच शिकली. साडू तेवढे काठावर कपडे सांभाळत उभे राहत. "सगळेच आत गेले तर वरून पाहीन कोन?" हे त्यांचं तेव्हाचं उत्तर, आणि साठी उलटली तरी त्यांनी ते बदललं नव्हतं. नदी आली की ते चपला हातात न घेता पुलाची चौकशी करत. पाण्याची त्यांना जितकी समज तितकीच भीती होती. ताई, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "याईचं पाण्याशी नातं म्हणजे व्याह्यासारखं हाये. मान भारी, पन जवळ नाही जायचं."

ताईंचं सगळं बोलणं असंच होतं. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या हातापायांच्या बाई. मला त्या 'जवाईबापू' म्हणायच्या आणि माझ्या ताटात भाकरी वाढताना माझ्या 'पुरे'कडे कधी लक्ष द्यायच्या नाहीत. एका सकाळी मिरचीच्या वाफ्यात त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. डावी बाजू गेली. दवाखान्यातून त्या परत आल्या तेव्हा डावा पाय होता, पण त्यांच्या कामाचा राहिला नव्हता, आणि तो मोठा आवाज तोंडाच्या एका कोपऱ्यातून झिरपल्यासारखा येत होता. आम्ही भेटायला गेलो की त्या चादर तोंडावर ओढून घ्यायच्या.

दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी बोलता बोलता एवढंच सांगितलं की, छातीभर पाण्यात चालवता आलं तर पायावर भार येणार नाही, पाय लवकर ऐकेल. पोहण्याचा तलाव जवळपास कुठं आहे का, असंही त्यांनी विचारलं. तिथून परतताना चिखलीच्या नाक्यावर साडू म्हणाले, "मास्तर, चोवीस गुणिले बारा किती?" मी म्हणालो, "दोनशे अठ्ठ्याऐंशी." "बस," ते म्हणाले, "तेवढ्या फुटांतली मिरची काढून टाकतो."

तो पोहण्याचा तलाव होता, पण तसं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांनी त्याला 'टाकं' म्हटलं. गावातले लोक बांधकाम पाहायला यायचे आणि विचारायचे, "म्हशीसाठी हाये का, भाऊ?" साडू शांतपणे म्हणायचे, "हाव. तुमची घेऊन या." खोली किती ठेवायची हा प्रश्न आला. छातीभर पाणी म्हणजे ताईंची छाती किती उंचीवर, आणि ताई तर उभ्या राहू शकत नव्हत्या. साडू उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, "दोन्ही हातात भांडे असले की ते ही कडी छातीनं ढकलत होती. येवढं धरा." मी टेप लावला. तीन फूट नऊ इंच. आत बाजेवर ताई चादरीखालून ऐकत होत्या. चादर हलत होती. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला त्या दिवशी कळलं नाही.

तीन फूट नऊ इंचांवर चारी भिंतींना निळ्या फरशीची एक ओळ बसवली. तिथवर पाणी, म्हणजे साधारण साडेतीस हजार लिटर. एका लांब भिंतीला धरायला लोखंडी दांडी. उतरायला पायऱ्या नाहीत, उतरता रस्ता, खुर्ची ढकलत नेता येईल असा. त्याचा उतार साडूंनी तीनदा फोडून पुन्हा केला. टाक्याभोवती चर, पावसाचं पाणी अडवून नाल्याकडे लावून देणारा. पाणी त्यांच्याच विहिरीचं, त्यात तुरटी आणि ब्लीचिंग. माझ्या माहितीत आमच्या बाजूच्या कुठल्या मळ्यात असं काही नाही, आणि ज्याच्या मळ्यात ते होतं त्याला पोहता येत नव्हतं.

पहिल्यांदा ताई पाण्यात उतरल्या त्या दिवशी आम्ही दोघं तिथं होतो. माझी बायको त्यांच्या डाव्या बाजूला पाण्यात, ताईंच्या उजव्या हातात दांडी, आणि साडू काठावर टॉवेल घेऊन. ताई एक पाऊल टाकून थांबल्या. मग दुसरं. साडू काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालत, वाकून, ओरडत होते, "पाय उचल! डावा उचल! घासू नको, उचल!" चौथ्या-पाचव्या पावलाला ताईंनी मान वर केली आणि त्यांचा तो जुना आवाज, कायमचा गेला असं आम्ही धरून चाललेला, मळाभर वाजला : "अवो, तुमीच या ना मग आत!"

साडू जागच्या जागी थांबले. टॉवेल छातीशी धरून म्हणाले, "येतो ना. येतो. आधी तुझं पाऊल बसू दे नीट."

पुढं रोजचं तेच झालं. सकाळी ताई पाण्यात, साडू काठावर टॉवेल घेऊन, आणि दोघांची भांडणं. जमिनीवर जी बाई खालमानेनं चार शब्द बोलायची ती पाण्यात उतरली की नवऱ्याला, सुनेला, भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला, सगळ्यांना झोडपून काढायची. साडू मला म्हणाले होते, "मास्तर, तिचा आवाज पाण्यात पडला होता. सापडला." आणि रोज एकदा तरी ताई म्हणायच्या, "या आत," आणि रोज साडूंना काहीतरी कारण असायचं. पाणी गार आहे. तुरटी जास्त झाली. मोटारीचा आवाज बरोबर नाही. "पोळा होऊ दे, येतो."

पोळ्याच्या आधीच तो पाऊस आला. दुपारी सुरू झाला आणि दिवेलागणीला मळ्याच्या कडेचा नाला आपली वाट सोडून शेतात शिरला. साडूंचा चर वरून येणाऱ्या पाण्यासाठी होता. हे पाणी आडवं आलं. सकाळी उघाड पडल्यावर मी गाडी घेऊन गेलो. बांध नव्हते, मिरची नव्हती, आणि टाकं काठोकाठ भरलं होतं, काळ्या चहासारख्या पाण्यानं. मी बांबू घालून पाहिलं. तळाशी दीड फूट गाळ. चार ब्रासच्या वर भरला. साडू काठावर उभे होते. पिकाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. कुणीतरी तोंडावर अपमान केल्यासारखे म्हणाले, "इकडून उतारच नाही, मास्तर. हे आलंच काऊन इकडून?"

ओसरीवर ताई खुर्चीत बसल्या होत्या. त्या टाक्याकडे पाहत नव्हत्या, साडूंकडे पाहत होत्या.

दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं की, आता खंड पडू देऊ नका, पडला तर पाय पुन्हा विसरेल. त्यामुळं साडूंना घाई होती. त्यांनी विहिरी साफ करणारी चार माणसं बोलावली. आमच्याकडं विहिरीत गाळ साचला तर काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही : आधी सगळं पाणी उपसायचं, तळ उघडा पाडायचा, मग गाळ काढायचा, मग धुवायचं. माणसांनी तेच सांगितलं, साडूंनी तेच ठरवलं, मलाही तेच बरोबर वाटलं. दोन मोटारी लावल्या. संध्याकाळपर्यंत पाणी गेलं आणि दुसऱ्या दिवशी पाट्यांनी गाळही गेला. साडूंनी तळ स्वतः झाडूनं धुतला. कोरड्या टाक्यात ते प्रथमच उतरले होते. खालून ओसरीकडे हात करून ओरडले, "आठ दिवसांत चालतं करतो तुले!" ताईंनी उजवा हात वर केला.

सकाळी चहाच्या वेळी माझा फोन वाजला. साडूंच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "मास्तर, या," एवढंच.

टाक्याचा तळ फुगला होता. तव्यावरची भाकरी फुगते तसा, मधोमध, वीतभर वर. आरपार एक भेग गेली होती आणि भेगेतून पाणी येत होतं. स्वच्छ, थंड, हळूहळू. साडू त्या फुगवट्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घेतलं, गिळलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "गोड हाये. खालचं हाये हे."

तिथंच बसून त्यांनी मला समजावलं ते असं : विहिरीला बाजूनं पाणी आत यायला वाट असते, म्हणून ती उपसली तर तिचं काही बिघडत नाही. टाकं बंद. बाहेर सगळी जमीन पावसानं टच्च भरलेली, खालून रेटा, आणि आतलं पाणी त्या रेट्यावर बसून होतं. साडेतीस हजार लिटरचं वजन माझ्यासारख्याला कळायला हवं म्हणून ते म्हणाले, "तीस टन, मास्तर. ते घाण पाणी होतं, पन त्यानंच टाकं धरून ठेवलं होतं. मी ते काढून टाकलं." जन्मभर वरच्या पाण्याची वाट अचूक सांगणारा हा माणूस. खालच्या पाण्याचा त्यानं विचारच केला नव्हता.

ताईंना सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. रोज ओसरीवर येऊन सांगायचे, "गाळ लई हाये. निघून राह्यला." एका रविवारी मी ताईंजवळ बसलो होतो. टाक्याकडून घणाचे आवाज येत होते. फुगलेला तळ फोडणं चाललं होतं. ताईंचा आवाज पुन्हा झिरपायला लागला होता, मला कान जवळ न्यावा लागला.

"जवाईबापू, गाळ काढाले घण लागते का?"

मी टाक्याकडं बघायला लागलो.

"मी पाह्यलं त्या दिवशी. हे खाली बसून होते. पाणी पेऊन राह्यले होते." त्या थांबल्या, श्वास घेतला. "त्याईले सांगू नका मले समजलं म्हणून. त्याईले वाटते मले माहीत नाही, तर वाटू द्या."

तर ते दोघं तसं करत राहिले. साडू सांगत राहिले, गाळ निघतो आहे. ताई विचारत राहिल्या, किती राहिला. आणि बाजेवर पाय एकेक दिवस विसरत गेला. जमीन ओली होती तोवर नवा तळ टाकता येत नव्हता. साडूंनी टाक्याशेजारी तळापेक्षा खोल खड्डा घेतला, त्यात मोटार सोडली, आणि नव्या तळाखाली दगडांचा थर आणि नळ टाकून खालच्या पाण्याला त्या खड्ड्याची वाट काढून दिली. "आता त्याचंही ऐकतो म्हटलं," मला म्हणाले. हिवरा आश्रमाहून परतणारे कुणी ओळखीचे मळ्यात डोकावले तर त्यांना ते ताईंच्या पायाबद्दल सांगायचे नाहीत, दगडांचा थर दाखवायचे. दिवाळी गेली. थंडी पडली. नव्या तळाला पाणी मारायचं काम चालू होतं तेव्हा, सकाळी, साडूंच्या हातात रबरी पाइप असताना सुनेनं आतून हाक मारली. ताईंना दुसरा झटका आला होता. गाडी अंगणात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांना नेल्यावर रीतीप्रमाणं घर धुतलं. बायकांनी खोलीतून बादलीभर पाणी सोडलं. साडू उंबऱ्यापाशी उभे होते. ते घर त्यांनीच बांधलेलं. पाणी ताईंच्या बाजेखालून निघालं, कुठंही न अडता खोली ओलांडून ओसरीवर आलं आणि पायरीवरून अंगणात उतरलं. साडू ते शेवटपर्यंत पाहत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "नीट गेलं." तेवढंच. मी त्यांचा खांदा धरला, तर तो खांदा मला लहान वाटला.

तेराव्यानंतर साडूंचा पुण्याला राहणारा धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, टाक्याचं आता काय करायचं? मासे सोडू, नाहीतर ठिबकसाठी पाणी साठवू." सगळ्यांना पटलं. मुलगा परत गेला, आणि साडूंनी उरलेली फरशी बसवून घेतली, दांडीला रंग दिला आणि विहिरीची मोटार सुरू केली.

परवा मी सकाळीच मळ्यात गेलो. घरात कुणी नव्हतं. टाक्याकडून आवाज आला म्हणून तिकडं वळलो. पाणी निळ्या ओळीला बरोबर टेकलं होतं, तळाची फरशी दिसत होती. आणि पाण्यात साडू होते. बंडी आणि अर्धी चड्डी. थंडीनं आणि भीतीनं ओठ काळेनिळे. दोन्ही हात आडवे पसरून, भिजलेल्या बुजगावण्यासारखे, ते एकेक पाऊल टाकत होते. ते ताईंपेक्षा उंच. पाणी त्यांच्या बेंबीच्या जरा वर येत होतं.

मी घाबरून ओरडलो, "साडूभाऊ, दांडी धरा!"

"ते तिची बाजू हाये," ते म्हणाले.

"मग पाणी तरी वाढवा थोडं. तुम्हाला उथळ पडतं."

"नाही. तिच्या मापाचं हाये."

काठावर टॉवेल घडी करून ठेवला होता. तो मी उचलला, दुसरं काय करावं सुचेना म्हणून. ते भिंतीपर्यंत गेले, वळताना झोक गेला, सावरले. मी काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालायला लागलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय उचला. घासू नका, उचला."

साडू थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल होते, पण ते पाण्यातल्या ब्लीचिंगमुळं असतील.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमीच या ना मग आत."

माझ्याकडं कारणं पुष्कळ होती. पाणी गार होतं, शाळेची वेळ होत आली होती. मी घड्याळ काढलं, टॉवेलात गुंडाळून काठावर ठेवलं, चपला काढल्या आणि त्या उतरत्या रस्त्यानं, भिंतीला हात लावत, आत गेलो. मी बुटका माणूस आहे. पाणी माझ्या छातीला लागलं. हात आपोआप दांडीकडं गेला, तो मी मागं घेतला. साडू थोडे पलीकडे सरकले आणि मला जागा करून दिली. मग दांडीच्या कडेची पट्टी मोकळी सोडून आम्ही दोघं, पाय उचलत, समोरच्या भिंतीकडं चालू लागलो.